घाटात धाप लागणारी गाडी

खासबागेत लेकीच्या घरी पुढच्या खोलीत माझी खाट आहे. रस्ता लागूनच आहे. दिवसभर गाड्या जातात आणि मी पडल्या पडल्या सांगतो, हिचा एक प्लग मारत न्हाई, हिचा सायलेन्सर फुटलाय, ह्या डायव्हरला गिअर बदलायचा आळस आहे. ऐकायला कोण नसतं. ऐकणारी, माझी बायको, पाच महिन्यांमागं गेली. तिला गाडीतलं कायबी कळत न्हाई असं मी जन्मभर बोलत आलो, चारचौघांत बोलत आलो. ते खोटं होतं. म्हणून लिहायला बसलोय. मी मराठी दुसरी शिकलेला माणूस. अक्षर वाकडं आहे आणि सजवून लिहिता येत न्हाई. झालं तसं सांगतो.

दुसरी लढाई नुकतीच संपली होती. आम्ही तेव्हा निपाणीत होतो. मी एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडं डायव्हर होतो. जैन घराणं, मोठी वखार, घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालायचं. मालकांना सगळं गाव आण्णा म्हणायचं आणि मालकिणीला आक्का. मीबी तेच म्हणायचो. वखारीच्या मागं आम्हांला एक खोली दिलेली होती. तिथं मी, बायको आणि आमची तीन महिन्यांची लेक राहायचो. तीच ही लेक, जिच्या घरी आता बसलोय.

गाडी लढाईच्या लई आधीची. आण्णांच्या वडिलांनी मुंबईहून आणलेली, काळी, उंच, पितळी दिव्यांची. तिची पेट्रोलची टाकी मागं नव्हती. बॉनेट संपतं आणि पुढची काच सुरू होते, त्या मधल्या जागेत टाकी बसवलेली. टाकी वर, इंजिन खाली. पाटाचं पाणी उताराला लागावं तसं पेट्रोल आपल्या वजनानं नळीतून खाली उतरायचं. टाकीचं टोपण बाहेर, काचेच्या बरोबर मधोमध खाली. पितळेचं, वाटीएवढं.

मी मुळात बैलगाडी हाकणारा. आधीचा डायव्हर लढाईवर गेला म्हणून त्यानं जाता जाता मला शिकवलं. बॉनेट उघडून चालू इंजिन त्यानं पहिल्यांदा दाखवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. बैल ओढतो तेव्हा त्याच्या मानेची शीर दिसते, फेस दिसतो, ताकद कुठून येते ते कळतं. इथं काय? नळीतून एक पातळ धार येते, पाण्यासारखी, आणि तिच्यावर सात माणसं आणि त्यांची गाठोडी डोंगर चढून जातात. मी त्या दिवशी इंजिनाला हात जोडले होते. तो डायव्हर हसला. हसू दे. मला अजूनबी त्यात हसण्यासारखं काय वाटत न्हाई.

लढाईत पेट्रोल कुपनावर मिळायचं. म्हणून गाडी बहुतेक शेडातच उभी. महिन्यातून एकदा अमावस्येला स्तवनिधीला देवदर्शन, दसऱ्याला पूजा, एखादं लगीन, एवढंच. आक्का गाडीला घरची लक्ष्मी मानायच्या. गाडी बाहेर काढायची तर आधी आरती, मग कुंकू. आणि कुंकू कसं? त्या वेळी बायका कपाळाला आधी मेणाचं बोट लावायच्या आणि त्यावर पिंजर दाबायच्या, म्हणजे घामानं ओघळत न्हाई. गाडीला पहिल्यांदा कोरडं कुंकू लावलं ते वेशीपतुर पोचायच्या आत वाऱ्यानं उडून गेलं. आक्कांच्या मनाला ते लागलं. तेव्हापासून त्या गाडीलाबी मेण लावू लागल्या, त्या पितळी टोपणावर. जुनं काढायचं न्हाई, सवाष्ण कुंकू पुसत नसते. त्यावरच नवीन मेण, नवीन पिंजर. लांबून गाडी यायला लागली की आधी ते लाल कुंकू दिसायचं. लोक म्हणायचे, आली आण्णांची सवाष्ण.

लढाई संपल्यावर कुपनं जरा सैल झाली आणि आण्णांनी स्तवनिधीच्या पुढं, तवंदीचा घाट चढून संकेश्वरला जायचं काढलं. तिथं त्यांची बहीण दिलेली होती. गाडीची खोड तिथं कळली.

निपाणीहून निघाली की गाडी मजेत चालायची. घाटाला लागली की अर्ध्या वाटेवर तिची ओढ कमी व्हायची. मी रेस वाढवली की पुढं जायच्या ऐवजी थबकायची, मग एक आचका, मग जरा चालायची, परत थबकायची. धाप लागलेल्या म्हाताऱ्यासारखी. शेवटाला बंद. आण्णा, आक्का आणि सगळं घरदार रस्त्यावर उतरून उन्हात उभं. मी टोपण उघडून काडी घालून बघायचो, टाकी अर्धी भरलेली असायची. टोपण लावायचो, हँडल मारायचो, गाडी तरण्या घोड्यासारखी चालू. दोन-तीन मैल जाऊन परत तेच.

गुळाच्या गाड्या बाजूनं जायच्या आणि गाडीवान दात काढायचे.

"आण्णा, बैल सोडून देऊ काय एक?"

"एकानं काय हुतंय, जोडी लागंल जोडी!"

आण्णा हसायचे न्हाईत. मी मान खाली घालून हँडल मारायचो.

मला जेवढं येत होतं तेवढं सगळं केलं. प्लग काढून घासले. कारबेटरची बारीक भोकं फुंकून साफ केली. नळी सोडून फुंकली. शेवटाला म्हटलं, टाकीत पाणी उतरलं असंल, उभ्या गाडीच्या टाकीत घाम धरतो. म्हणून एका सकाळी सगळं पेट्रोल खाली काढलं. काढायला भांडं कुठलं? शेडात राकेलचा रिकामा डबा होता, त्यात काढलं. ही माझी चूक. जन्मात एवढी मोठी चूक केली न्हाई.

मुनीम नेमके त्या वेळी वखारीकडं चालले होते. थांबले. वाकून डबा हुंगला आणि तसाच उचलून आण्णांच्या पुढं नेऊन ठेवला.

"आण्णा, नाक लावून बघा."

आण्णांनी वास घेतला. माझ्याकडं बघितलं. "राकेल हाय हे."

"आण्णा, डबा राकेलचा हाय. आत पेट्रोल हाय."

"पेट्रोल डब्यात कशाला आलं?"

"टाकी साफ करायला काढलं."

"मग मला सांगून का न्हाई काढलंस?"

त्या दिवसांत कितीतरी डायव्हर कुपनाचं पेट्रोल बाहेर विकायचे आणि टाकीत तेवढं राकेल घालून ठेवायचे. तशी गाडी कशी चालते? ओढत न्हाई, थबकते, आचके देते. म्हणजे पेट्रोल चोरलेल्या गाडीचं जे लक्षण, तेच माझ्या गाडीचं. मी आण्णांच्या जागी असतो तर मलाबी तेच वाटलं असतं.

आण्णा ओरडणारे नव्हते. हळू बोलले. "बेळगावला ने. मिस्त्रीला दाखव. खोड सापडली तर बरं. न्हाईतर अमावस्येला मी सोता तुझ्या शेजारी बसणार. घाटात थांबली की तिथंच चावी दे आणि खोली मोकळी कर. चोराला मी वखारीमागं ठेवत न्हाई."

चोर. माझ्या बापाला, माझ्या आज्याला कुणी हा शब्द लावला नव्हता.

खडेबाजाराच्या मागल्या गल्लीत एक मिस्त्री होता. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचा आणि कानानं इंजिन ओळखायचा असा त्याचा लौकिक. जाताना गाडी तीनदा अडली. त्यानं दिवसभर सगळं उकलून बघितलं, परत जोडलं, माझ्यासमोर टोपण उघडून पेट्रोल बघितलं आणि गाडी कॅम्पात फिरवून आणली. सपाट रस्ता, दहा मिनिटांचं काम. गाडी लोण्यासारखी चालली.

"येनू इल्ला," हात पुसत म्हणाला. "गाडीला काय न्हाय झालं. डायव्हरला झालंय."

मालकांना द्यायला त्यानं चिठ्ठी दिली. तेवढं वाचता येतं मला. लिहिलं होतं, इंजिन चांगलं आहे, पेट्रोल बघा. ती चिठ्ठी मीच माझ्या खिशातनं निपाणीला आणली आणि मीच आण्णांच्या हातात दिली. त्यांनी वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "अमावस्या शनवारी हाय."

खोलीवर आलो तेव्हा दुपार कलली होती. बायको दाराशी बसून चिमण्यांत राकेल भरत होती. पोरीला सर्दी झालेली, ती झोळीत कुरकुरत होती. मी भिंतीला टेकून बसलो.

"अवं, जेवा की."

"भूक न्हाई."

"तुमची भूकबी गाडीच खाती व्हय आता?"

मी चिठ्ठीचं सांगितलं, शनिवारचं सांगितलं. ती रडली न्हाई. चिमणी खाली ठेवली आणि मला विचारत बसली, पोलीस पाटलासारखी.

"थांबती तवा पयलं काय करता?"

"खाली उतरतो."

"मग?"

"टोपण उघडून काडी घालतो. पेट्रोल हाय का बघतो."

"असतंय?"

"असतंय की."

"मग टोपण लावता आणि ती चालती."

"व्हय."

"टोपण न उघडता कवा चालली काय? एकदा तरी?"

मी चिडलो. "अगं, तुला काय कळतंय त्यातलं?"

"कळत न्हाई म्हणून तर इचारते. कळणाऱ्या मिस्त्रीनं काय दिवं लावलं ते बघितलं की." आणि मग म्हणाली, "उघडताना आवाज-बिवाज हुतो काय?"

"सुस्स करतंय जरा. वाफ असती पेट्रोलची."

"भाईर येती का आत जाती?"

सहा वर्षं मी ती गाडी चालवत होतो. पन्नास वेळा ते सुस्स ऐकलं असेल. बाहेर येतंय का आत जातंय, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

"ह्या पोरीचं बघा," ती म्हणाली. "दोन दिस झालं नाक बुजलंय. दोन घोट ओढती, सोडती, धाप टाकती, रडती, परत ओढती. दूध हाय न्हवं? हाय. पर नाकानं वारा मिळंना तर दूध ओढायचं कसं? तुमची गाडी तुमी सांगताय ते ऐकलं की मला आपली हीच आठवती."

मग तिनं राकेलचा डबा उचलला. डब्याच्या वरच्या पत्र्याला तिनं दोन कोपऱ्यांत दोन भोकं पाडलेली होती, सगळ्या बायका पाडतात तशी. डबा वाकडा करून चिमणीत धार धरली आणि वरच्या भोकावर अंगठा ठेवला. धार बारीक झाली. थबकली. एक ठिपका, मग गुळुक करून एक आचका, मग बंद. डबा निम्मा भरलेला होता. तिनं अंगठा काढला. धार सरळ लागली. परत अंगठा, परत आचका, परत बंद.

"एक भोक तेलाला, एक वाऱ्याला," ती म्हणाली. "तुमच्या टाकीचं दुसरं भोक कुठं हाय?"

मी त्या धारेकडं बघत बसलो. घाटात जे होत होतं ते सगळं माझ्यासमोर एका डब्यात चाललं होतं. ते थबकणं, तो आचका, ती धाप, सगळं. आणि बाईच्या एका अंगठ्याखाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेडात गेलो. घाटापर्यंत जायची गरजच नव्हती. गाडी जागेवरच चालू केली आणि रेस वाढवून ठेवली. ती पोरीला खांद्यावर घेऊन शेजारी उभी. बराच वेळ काय झालं न्हाई. मला वाटलं हिचं चुकलं. आणि मग इंजिन थबकलं. एक आचका. परत थबकलं. सपाट जागेवर, उभ्या उभ्या, घाटातली धाप.

"आता उघडा," ती म्हणाली. "हळू. जरासं."

तिनं पातळाच्या काठाचा एक सुटा दोरा दातानं तोडला आणि दोन बोटांत धरून टोपणाजवळ नेला. मी टोपण अर्धा फेरा फिरवलं. सुस्स झालं. आणि दोरा आत गेला. बिळात साप जावा तसा सरकन आत ओढला गेला. इंजिनानं एक मोठा श्वास घेतल्यासारखं केलं आणि एकसुरी चालू लागलं.

मी इंजिनाला हात लावला नव्हता. कुणीच लावला नव्हता. नुसता वारा आत गेला होता. ज्याला रंग न्हाई, वजन न्हाई, जो हातात धरता येत न्हाई, तो वाट न मिळाल्यावर एवढ्या लोखंडाला घाटात उभं करत होता. तिच्याकडं बघितलं तर ती पोरीचं नाक पदरानं पुसत होती.

टोपण काढून उलटं केलं. आतल्या बाजूला मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक होतं. ते वाऱ्याचं. आधीच्या डायव्हरनं कधी सांगितलं न्हाई, त्यालाबी माहीत नसेल. टोपण सुलटं केलं तर वर बोटभर जाड मेण आणि पिंजर. सगळ्या अमावस्या, सगळे दसरे, एकावर एक थर, दगडासारखे घट्ट.

मी तार घेतली. तिनं माझं मनगट धरलं.

"काय करताय? सवाष्णीचं कुंकू हाय ते."

"मग नोकरी घालवू? चोर म्हणवून घेऊ?"

"आतनं टोचलं तर शनवारी आक्का परत लावतील. आणि वरनं खरवडलं आणि घरात कुणाला काय झालं, तर जन्मभर तुमचं नाव घेतील. त्यापरीस आक्का सोता काढतील."

"त्या कशाला काढतील?"

"ते माझ्याकडं लागलं. तुमी गप ऱ्हावा."

शनिवारी सकाळी गाडी अंगणात उभी होती. आण्णा सोप्यात बसून पायात जोडा घालत होते. आक्का आरतीचं तबक घेऊन आल्या. मेणाची डबी उघडली, बोट टोपणाकडं नेलं. बायको पोरीला घेऊन पुढं आली.

"आक्का, एक इचारू? रागावू नगा."

"बोल की गं."

"ही चाकं म्हंजे गाडीचं पाय म्हणा, ही काच म्हंजे डोळं. मग कपाळ कुठं आलं?"

"काचेच्या वर," आक्का म्हणाल्या.

"मग डोळ्याच्या खाली मधोमध हे काय आलं?"

आक्का थांबल्या. टोपणाकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. पोरगी तोंड उघडं टाकून घरघरत होती.

"अगं बाई! एवढी वरसं मी नाकालाच कुंकू लावतीया व्हय!"

"लेकराचं नाक बुजलं की ते दूध ओढत न्हाई आक्का, तुमाला ठावंच हाय."

आक्का हसायला लागल्या. डोक्यातला आकडा काढला, टोपणावरच्या त्या लाल वडीच्या कडेला घातला आणि एका बाजूनं उचलली. सगळी वडी अखंड सुटून आली. ती त्यांनी खाली पडू दिली न्हाई. तळहातावर घेतली, वाकून काचेच्या वरच्या लाकडी पट्टीवर मधोमध दाबून बसवली, त्यावर नवं मेण, नवी पिंजर, आणि दोन्ही हातांची बोटं स्वतःच्या कानशिलांवर मोडली. पुसलं न्हाई. नुसतं सरकवलं. सोप्यातून आण्णा ओरडले, "अगं, झालं का न्हाई तुमचं नाक-कान?" मी टोपण काढून त्यातलं भोक उजेडाला धरलं. पलीकडचा उजेड दिसत होता.

आण्णा माझ्या शेजारी बसले. स्तवनिधीला दर्शन झालं. मी देवापुढं काय मागितलं ते लिहीत न्हाई. घाट लागला. आण्णांचा हात मांडीवर होता, मूठ मिटलेली. पहिलं वळण गेलं. जिथं दर वेळी थबकायची ती जागा आली. मी रेस वाढवली आणि गाडीनं ती घेतली. घेतली म्हणजे काय, ओढच वेगळी! माझ्या पाठीला सीट टेकली. गुळाच्या दोन गाड्या बाजूला झाल्या आणि गाडीवान तोंड उघडून बघत राहिले. मी स्टेरिंग फक्त धरून होतो, गाडीच मला नेत होती. डोळ्यांत पाणी आलं ते मी वाऱ्यावर ढकललं.

माथ्यावर आण्णा म्हणाले, "थांबव."

थांबवली.

"काय केलंस?"

"टोपणाला वाऱ्याचं भोक हाय आण्णा. ते बुजलं हुतं. मोकळं केलं."

"कशानं बुजलं?"

मागं आक्का बसल्या होत्या. "धुळीनं," मी म्हणालो.

"मिस्त्रीनं सांगितलं?"

"न्हाई."

"मग कुणी शोधलं?"

तोंडात 'बायकोनं' हा शब्द आला होता. खरं सांगतो, आला होता. पण बेळगावची चिठ्ठी, डबा हुंगणारे मुनीम, तो चोर शब्द, सगळं आठवलं आणि मी म्हणालो, "माझं मीच."

मागं आक्कांना खोकला आला. आण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माफी-बिफी काय न्हाई. "चावी तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे," म्हणाले. "मुनीमाला मी सांगतो."

त्या एका उत्तरावर मी चाळीस वर्षं खाल्लं. बेळगावच्या मिस्त्रीनं पुढं स्वतः बोलावून मला ती खोड परत परत सांगायला लावली. संकेश्वरपासनं डायव्हर विचारायला यायचे. निपाणीत गाडी अडली की लोक म्हणायचे, त्याला बोलवा. मी प्रत्येकाला डबा आणि अंगठा दाखवायचो, जसा तिनं दाखवला होता तसाच, आणि ती आतून चहा आणून ठेवायची. एकदा एकानं विचारलं, वैनींना कळतं का गाडीतलं? मी म्हणालो, बायकांना काय कळतंय! तीबी हसली होती.

तिचे दिवस झाले आणि मला राहवेना. मी एकटाच निपाणीला गेलतो. आण्णा कधीच गेले. आक्का आहेत, लई थकल्या आहेत, दिसत कमी. मी त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. डबा, दोरा, मेण, आणि घाटातलं माझं खोटं. म्हटलं, आक्का, ते माझं नव्हतं, तिचं होतं.

आक्का म्हणाल्या, "मला काय सांगतोस? शुक्रवारीच ती माझ्याकडं येऊन गेलती. सगळं सांगून गेलती. नाकाची गोष्ट आमी दोघींनीच ठरवली, आण्णा सोप्यात बसत्यात म्हणून. कुंकवानं गाडी अडली म्हणायला मला जड, आणि ऐकायला त्यास्नी जड."

मी आणखी जवळ सरकलो.

"मी तिला म्हटलं, मी सांगते आण्णांना, तू शोधलंस म्हणून. तर हात धरला माझा. म्हणाली, नगा आक्का. चोर त्यास्नी म्हटलंय. तो डाग त्यांच्याच तोंडानं निघू दे." आक्का हसल्या. "तू 'माझं मीच' म्हणालास न्हवं, मला हसू आवरंना. म्हणून खोकले."

म्हणजे मी खोटं बोलणार हे तिला आदल्या दिवशीच ठाऊक होतं, आणि तिनं मला ते बोलायला जागा करून ठेवली होती. इंजिनात काय असतं ते मला थोडंफार कळतं. ह्या बाईत काय होतं ते मला चाळीस वर्षं शेजारी राहून कळलं न्हाई.

परत येताना एस्टीत एक तरणा ट्रक डायव्हर शेजारी बसला होता. त्याला सगळं सांगितलं, पहिल्यांदा खरं. बायकोनं शोधलं म्हणालो. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग घरी गेल्यावर त्यास्नी काय म्हणालासा, मामा?"

मी आठवून बघितलं. त्या दिवशी संकेश्वरहून परत आलो, दारात जोडे काढले. ती वाट बघत उभी होती. मी चावी खुंटीला अडकवली आणि म्हणालो होतो, चहा टाक.